सूत्रधार रुसतो तेव्हा



विषय कळवला तेव्हा संयोजकांचा फोन आला. ‘पत्रिका छापायची आहे, शीर्षकात चूक नको,’ म्हणाले. बोलता बोलता खरं कारण बाहेर आलं. स्मृतिव्याख्यान, आणि व्हिडिओ गेमवर? मी म्हटलं, ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमतो ते शिक्षक होते, गॅदरिंगची नाटकं बसवायचे, आणि मुलं काय करतात याकडे त्यांचं लक्ष असायचं. त्यांची हरकत नसती. तुमची असली तर शेवटी प्रश्नोत्तरं आहेतच.

समोरच्या रांगांत पापडी-निर्मळकडची ज्येष्ठ मंडळी दिसताहेत, मागे नालासोपारा-विरारची तरुण मुलं. पुढच्यांना सूत्रधार ठाऊक आहे, मागच्यांना एका व्हिडिओ गेममधला स्टॅन्ली. दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच माझं आजचं काम. नाटकाच्या बाजूनं मी या विषयाकडे आलो, त्यामुळे गेमच्या तांत्रिक अंगाबद्दल माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. एकांकिका स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो, त्याचे बरेवाईट परिणाम बोलण्यावर होणारच.

पहिला प्रश्न भिंतीचा. दिवाणखान्याचा देखावा लावला की तीन बाजूंना भिंती येतात. चौथी, म्हणजे तुमच्या बाजूची, काढून टाकलेली असते. पण नटानं ती आहे असं धरून चालायचं. तुम्ही बसलेले त्याला दिसत नाहीत. तो तुमच्याकडे बघून बोलला की ती मोडली. गेमच्या बाबतीतही हेच. पडद्यावरचं पात्र एकदम खेळणाऱ्याला उद्देशून बोलायला लागलं, की चौथी भिंत फोडली म्हणून कौतुक होतं. १९९८ साली ‘मेटल गिअर सॉलिड’ नावाच्या जपानी गेमनं याचा कळस केला. त्यात मनातलं ओळखणारा एक खलनायक आहे. तो खेळणाऱ्याच्या मेमरी कार्डात डोकावतो आणि तू अमुक अमुक गेम खेळतोस म्हणून सांगतो. त्याला हरवायचं तर कंट्रोलरची वायर उपसून दुसऱ्या खाचेत घालावी लागते, मग त्याला मन वाचता येत नाही! कल्पना बहारीची आहे, यात वाद नाही.

पण मला विचारायचंय, आपल्याकडे ही भिंत होती केव्हा?

५ नोव्हेंबर १८४३ला सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं, विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. आपला रंगभूमी दिन याच तारखेचा. त्या नाटकात सूत्रधार सुरुवातीला येऊन जात नाही. तो उभाच असतो. कथा त्याच्या पदांतून पुढे सरकते, आणि पात्रं गद्य भाषणं आपल्या पदरची करतात. राम-सीता यायच्या आधी कोण येतो? विदूषक येतो. अंगाला झाडपाला बांधलेला, उड्या मारणारा. सूत्रधार त्याला सरळ प्रश्न विचारतो, तो वाकडी उत्तरं देतो. म्हणजे मराठी नाटकाच्या पहिल्याच रात्री निवेदकाचं आणि एका वात्रट प्राण्याचं भांडण प्रेक्षकांच्या देखत झालेलं आहे.

पुढे १८८०ला किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं, संगीत नाटकाचा जमाना आला. तिथे तरी भिंत होती का? नायिका शोकाकुल होऊन पद म्हणते, पिटातून ‘वन्स मोअर’ येतो, नायिका शोक थांबवते, पेटीवाल्याकडे बघते आणि पहिल्यापासून शोकाकुल होते. यात कोणालाच काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. भिंत खऱ्या अर्थानं उभी राहिली १९३३ला, नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’नं. आणि १९७२ला ‘घाशीराम कोतवाल’मध्ये तेंडुलकरांनी आणि जब्बार पटेलांनी माणसांचीच भिंत उभी केली, बामणांची रांग, जी पाठ फिरवली की पडदा होते आणि वळली की गाणारं पुणं होते. बोलणारी, नाचणारी, साक्ष देणारी भिंत. १९३३ ते १९७२. चाळीस वर्षंसुद्धा धड नाहीत. ज्यांनी आपला वसईचा किल्ला पाहिलाय त्यांना या भिंतीचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही.

तेव्हा भिंत फोडली याचं अप्रूप मला नाही. हल्ली दर तिसऱ्या एकांकिकेत कोणी ना कोणी प्रेक्षकांत उतरतं. पहिल्या रांगेतले लोक शांतपणे पाय आत घेतात, त्याला जायला वाट देतात आणि पुढचं बघायला लागतात.

मग स्टॅन्लीच्या गेममध्ये आहे काय? आहे तो एक निवेदक. तो तुमचं ऐकत नाही, आणि तुम्ही त्याचं ऐकलं नाहीत तर त्याला ते सहन होत नाही. इथे जरा थांबायला हवं, कारण पुढच्या रांगांनी हा गेम पाहिलेला नाही.

गेमचं नाव ‘द स्टॅन्ली पॅराबल’. डेव्ही रेडन नावाच्या एका तरुणानं २०११ला तो केला, तोही दुसऱ्याच एका गेमच्या सांगाड्यावर. पुढे विल्यम प्यू हा जोडीदार मिळाला आणि ऑक्टोबर २०१३ला स्वतंत्र गेम आला. गोष्ट अशी. एका मोठ्या कचेरीत स्टॅन्ली नावाचा कर्मचारी आहे, क्रमांक ४२७. समोरच्या पडद्यावर हुकूम येतो, तो त्याप्रमाणे बटणं दाबतो. वर्षानुवर्षं हेच काम, आणि तो त्यात सुखी आहे. एक दिवस हुकूम येणं बंद होतं. स्टॅन्ली उठून बाहेर येतो तर सगळी कचेरी रिकामी. आता तुम्ही स्टॅन्ली. चालायचं तुम्ही. आणि एक भारदस्त इंग्रजी आवाज, केव्हन ब्राइटिंग या नटाचा, तुम्ही काय करताय हे सांगत राहतो. नुसतं सांगत नाही, करायच्या आधी सांगतो.

चालत चालत तुम्ही दोन दारांपाशी येता. दोन्ही उघडी. निवेदक भूतकाळात सांगून मोकळा होतो, की स्टॅन्ली डाव्या दारातून गेला. तुम्ही अजून दोन पावलं मागे उभे आहात! गोष्ट होऊन गेली, करायची तेवढी राहिली. सगळा गेम या क्षणावर उभा आहे. आता तुम्ही काय कराल?

डावीकडे गेलात, पुढेही तो म्हणेल तसंच केलंत, तर साहेबाच्या खोलीत पोचता, तिथून एका गुप्त दालनात. कळतं की तिथून सगळ्या कर्मचाऱ्यांच्या मनावर ताबा ठेवला जात होता. निवेदक म्हणतो, स्टॅन्लीनं ते यंत्र बंद केलं. तुम्ही बंद करता. दार उघडतं, बाहेर हिरवळ, ऊन. स्टॅन्ली मुक्त झाला, आता त्याला कोणाचा हुकूम मानायला नको, असं निवेदक गहिवरून सांगतो. आणि हे स्वातंत्र्य तुम्हाला कशानं मिळालं? पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याचा शब्द न शब्द पाळल्यानं. मला हा भाग पाहिला की हसू येतं आणि नंतर ते हसू जरा अवघडतं.

उजवीकडे गेलात की मजा सुरू. आधी तो सावरून घेतो. मग टोमणे मारतो. मग विनवतो, संतापतो, गेम पहिल्यापासून सुरू करतो, तुमच्यासाठी सुचतील त्या यातना योजतो. मोबाइलमधल्या नकाशाची बाई आठवा. गास-भुईगावच्या वाड्यांतून ती आपल्याला कुठेही वळायला सांगते, आपण इथलेच असल्यामुळे वळत नाही, आणि ती बिचारी काही न बोलता नवा रस्ता शोधते. ती जर म्हणाली असती, ‘मी इतकं सांगतेय आणि तुम्ही, बरं, जा, पडा विहिरीत,’ तर जे झालं असतं ते या गेममध्ये होतं.

एकच प्रसंग जरा जवळून दाखवतो. साहेबाच्या खोलीकडे जाताना वाटेत झाडू-बादल्या ठेवायची एक अडगळीची खोली लागते. दार उघडतं. आत काहीच नाही. तुम्ही आत जाऊन उभे राहता. निवेदक सांगतो की स्टॅन्ली अडगळीच्या खोलीत गेला, पण तिथे काही नव्हतं, म्हणून तो बाहेर आला. तुम्ही बाहेर येत नाही. तो पुन्हा सांगतो. तुम्ही उभेच. मग त्याचा तोल जायला लागतो. इथे निवडायला काही नाही, शोधायला काही नाही, मग का थांबलायस? मित्रांना फुशारकीनं सांगणार आहेस का, की मी अडगळीच्या खोलीचा शेवट पाहिला म्हणून? तरी तुम्ही ढिम्म. शेवटी त्याची खात्री पटते की खेळणारा माणूस खुर्चीतच मेला असावा. आणि तो आजूबाजूला कोणी असेल तर त्याला हाक मारतो, प्रेत बाजूला करा आणि दुसऱ्या कोणाला तरी खेळायला बसवा म्हणून! नंतर परत कधी तिथे गेलात तर दारावर फळ्या ठोकलेल्या असतात.

आता पुढच्या रांगांनी सांगावं, हा कोण आहे? गोष्ट सांगायला उभा राहिलेला, समोरच्यानं साथ दिली नाही म्हणून फुगून बसलेला? हा आपला सूत्रधारच आहे. फक्त सांगलीच्या सूत्रधाराला राग आवरायची सवय होती.

आणि मग विदूषक कोण? इथे मला जे सांगायचंय ते सुरू होतं.

दशावतार तुम्ही पाहिला असेल. पाहिला नसेल तर थंडीत नालासोपाऱ्या-विरारच्या मैदानांवर सिंधुदुर्गातली मंडळी आणतात, तेव्हा जरूर जा, आणि आख्यान सुरू व्हायच्या आधी पोचा. सुरुवातीच्या आडदशावतारात संकासुर येतो. काळा पायघोळ वेश, तोंडावर काळा बुरखा, डोळ्यांभोवती पांढऱ्या रेघा, लोंबती लाल जीभ, हातात काठी. वेद चोरणारा राक्षस, पण पोरं त्याची वाट बघत जागी राहतात. सूत्रधार शुद्ध मराठीत विचारतो, आपण कोण? हा मालवणीत उलटा विचारतो, ‘तुका काय दिसता?’ नाव विचारलं तर गाव सांगेल, गाव विचारलं तर सूत्रधाराच्या सासरवाडीवर जाईल. मध्येच प्रेक्षकांतल्या कोणाला तरी साक्षीला धरेल. दशावतारात संहिता नसते. कथा ठरते आणि भाषणं तिथल्या तिथे होतात. म्हणून संकासुर आज काय बोलेल हे सूत्रधारालाही ठाऊक नसतं. तोही खरोखरच अडतो, खरोखरच हसतो.

तमाशातला सोंगाड्या याच कुळीचा. गण झाला, गवळण लागली, की मावशी आणि तो मिळून गोष्ट पुढे जाऊ देत नाहीत. वगात तो राजाचा शिपाई असतो आणि राजाचा एकही हुकूम सरळ पाळत नाही. १९६५ला वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडक्यांचा हवालदार आला तोही याच वाटेनं. लोक तेच नाटक परत परत बघायला जायचे ते दादा आज काय बोलतात यासाठी. नाटकवाल्यांच्या भाषेत याला ‘ॲडिशन घेणं’ म्हणतात. परीक्षक म्हणून मी ॲडिशनला गुण कापतो. प्रेक्षक म्हणून तिकीट तिच्यासाठीच काढतो.

तर रंगभूमीवर अशी वाटणी आहे. सूत्रधार सांगतो, विदूषक मोडता घालतो, आपण बघतो. स्टॅन्लीच्या गेमनं आपल्याला उठवून विदूषकाच्या जागी उभं केलं. मोडता आता आपण घालायचा. हे नाटकाला कधी जमलं नाही. प्रेक्षकांतल्या कोणाला वर ओढलं तरी तो लाजून हसतो आणि शर्ट नीट करत खाली उतरतो. इथे बंद खोलीत, एकटे, आपण निवेदकाचा अपमान करतो आणि तो आपल्यालाच बोलतो.

पण या बढतीत एक मोठी गोष्ट काढून घेतली, आणि तिकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. विदूषकाकडे जीभ असते. संकासुराची तर हातभर बाहेर लोंबते! स्टॅन्लीला जीभ नाही. संबंध गेममध्ये तो एक शब्द बोलत नाही. निवेदक पल्लेदार वाक्यं टाकतो, आपण फक्त चालतो, थांबतो, दार उघडतो. सवाल त्याचा, जवाब आपल्या पायांचा. म्हणून अडगळीच्या खोलीतला तो प्रसंग मला फार आवडतो. काहीही न करता नुसतं उभं राहणं हेच तिथे उत्तर आहे, आणि त्या उत्तरानं समोरचा घायाळ होतो. असहकार नावाची गोष्ट या देशात नवी नाही. ती इंग्रजी बोलणाऱ्या आवाजाविरुद्ध चालते हेही नवं नाही. बरं, ते असो.

हा निवेदक रुसतो का, हा पुढचा प्रश्न. तो सर्वज्ञ आहे, गोष्ट त्याची, कचेरी त्याची, दारं त्याची. मग एका मुक्या कारकुनानं ऐकलं नाही तर त्याला एवढं लागायचं कारण काय? कारण तो चालल्याशिवाय याला सांगायला काही उरत नाही. खेळणारा थांबला की निवेदक बेकार. १९७४च्या ‘महानिर्वाण’मध्ये सतीश आळेकरांनी याची उलटी बाजू दाखवली आहे. तिथे भाऊराव मेलेले आहेत आणि तेच कीर्तनकार होऊन स्वतःच्या मरणाचं आख्यान लावतात. जुनं स्मशान बंद झालंय, नव्यात जळायला भाऊराव तयार नाहीत. म्हणजे निवेदक गोष्टीतच अडून बसला, आणि गोष्ट संपेना. चाळीतले लोक, मुलगा नाना, सगळे त्याच्यापुढे हतबल. स्टॅन्लीच्या निवेदकाला गोष्ट संपवायची घाई आहे, भाऊरावांना ती संपू द्यायची नाही. दोघांचाही जीव आवाजात अडकलेला. बोलणं थांबलं की हे गेले.

याच जातीचा आणखी एक गेम फ्रान्समधून २०२०ला आला, ‘देअर इज नो गेम’. त्यातला निवेदक पहिल्यापासून सांगतो की इथे गेम नाहीच, कृपा करून घरी जा. आपण पडद्यावरच्या अक्षरांची, बटणांची मोडतोड करत राहतो आणि तो ओरडत राहतो. चटपटीत आहे, पण त्यात स्टॅन्लीची जखम नाही.

आता माझा मुख्य आक्षेप. आतापर्यंत मी म्हटलं, आपण निवेदकाचं मोडलं, आपण अवज्ञा केली. खरंच केली का?

उजवं दार उघडं कोणी ठेवलं होतं? ज्यानं डावीकडे जा म्हटलं त्यानंच. अडगळीच्या खोलीतली चिडचिड ऐकून आपल्याला वाटतं, आपण त्याला बेसावध पकडलं. पण ती चिडचिड आधी लिहिली, मग ध्वनिमुद्रित झाली, आणि आपण किती वेळ थांबू याचा अंदाज बांधून तिथे पेरली गेली. याहून पुढे जा. सुरुवातीला एका सहकाऱ्याची, क्रमांक ४३४ची, खोली आहे. तिथल्या टेबलावर चढलात तर खिडकीतून बाहेर सटकता येतं. बाहेर काही नाही, नुसतं पांढरं शून्य. आपल्याला वाटतं, सापडली फट, गेमच्या नकाशाबाहेर आलो! आणि तेवढ्यात त्याचा आवाज येतो. तो मिश्कीलपणे सांगतो की नकाशा मोडल्याचा तुझा समज झाला असेल, पण हेही ठरलेलंच होतं. आणखी पुढे जा. संगणकावरचे तरबेज लोक गेममध्ये फसवणुकीची आज्ञा टाइप करतात, ज्यानं भिंतीतून आरपार जाता येतं. ती टाइप केली की निवेदक तुम्हाला उचलून एका ‘गंभीर खोली’त नेऊन कोंडतो. मधोमध एक गंभीर टेबल, आणि तुमच्या बालिशपणावर तितकंच गंभीर प्रवचन.

चोरवाटेवर आधीच चौकी! मग आपण विदूषक कसले? आपण पाठ केलेली ॲडिशन घेतोय, आणि तीही दुसऱ्यानं लिहिलेली.

गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ इथे आठवतं. १९८०ला रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी तात्या सरपंच केला. गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचा खेळ करतात आणि त्यात सगळंच फसतं. पात्रं नको तिथे येतात, भलतंच बोलतात, तात्या मध्ये पडून निस्तरायला जातात आणि आणखी गुंता करतात. गोंधळाचा कहर, आणि प्रत्येक गोंधळ तालमीत बसवलेला. प्रेक्षकाला ठाऊक असतं की ही चूक काल रात्रीही याच वाक्यावर झाली, तरी तो खुर्चीवरून पडेपर्यंत हसतो. स्टॅन्ली पॅराबल हा त्या अर्थानं ‘वस्त्रहरण’चा भाऊ आहे. बसवलेल्या चुकीत कमीपणा नाही. तिला फार कौशल्य लागतं, न बसवलेल्या चुका मी दर वर्षी स्पर्धेत बघतो, त्यांचं काय होतं ते मला विचारा.

पण संकासुराची, सोंगाड्याची जात वेगळी. त्यांचं उलट उत्तर आधी कुठेच लिहिलेलं नसतं, आणि त्यामुळे ते कोणाच्या हाती लागत नाही. इंग्रज सरकारनं १८७६ला नाट्यप्रयोगांचा कायदा केला. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ला आलं. द्रौपदी म्हणजे भारतमाता आणि कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांनी ओळखलं, सरकारनंही ओळखलं, आणि १९१०ला नाटकावर बंदी आली. छापलेली संहिता होती म्हणून बंदीचा हुकूम चालला. आज आपल्याकडे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे. संहिता आधी पाठवायची, मग प्रमाणपत्र. आता संकासुराची संहिता कशी पाठवणार? ‘संकासुर प्रवेश करतो आणि त्याला वाटेल ते बोलतो’, याला शिक्का कोण मारणार? सोंगाड्या जे बोलतो ते त्या रात्रीचं, त्या गावचं, समोर बसलेल्या पाटलाला बघून सुचलेलं. उद्या तेच बोलला तर शिळं. आणि त्याची किंमतही त्यानं मोजलेली असते. पाटील उठून गेला तर बिदागी गेली. स्टॅन्लीला अवज्ञेची काय किंमत पडते? गेम पुन्हा सुरू होतो, तो पुन्हा टेबलाशी बसलेला असतो. म्हणून या दोन खेळांत निवड करायची वेळ आली तर मी मैदानावर जाऊन बसेन. थंडी असली तरी.

म्हणून गेमकर्त्यांना हे कळत नाही असं समजू नका. रेडनला पक्कं ठाऊक आहे. ते त्यानं पुढच्या गेममध्ये दाखवलं, आणि माझ्या मते तो स्टॅन्लीहून खोल आहे. २०१५चा ‘द बिगिनर्स गाइड’. त्यात निवेदक स्वतः डेव्ही म्हणूनच बोलतो. कोडा नावाच्या एका मित्रानं केलेले छोटे छोटे अपुरे गेम तो आपल्याला फिरून दाखवतो, अर्थ समजावतो. आवाज प्रेमळ, अगदी सहकार्याचा. यातल्या बऱ्याच गेमच्या शेवटी एक दिव्याचा खांब उभा असतो. निवेदक म्हणतो, बघा, या खांबात केवढा अर्थ आहे. आणि शेवटी उघड होतं की ते खांब कोडानं उभारलेच नव्हते. आपल्या मित्राच्या कामाला अर्थ यावा म्हणून निवेदकानंच ते मध्ये रोवले होते.

हे ऐकून तुम्हाला कोण आठवलं? मला एकनाथ महाराज आठवले. शके १५०६ला, म्हणजे १५८४ला, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत लोकांनी प्रेमानं, भक्तीनं, आपापल्या ओव्या मध्ये घातल्या होत्या. नाथांनी त्या वेगळ्या काढल्या आणि पुढे कोणी हे करू नये अशी सक्त ताकीद दिली. सगळे दिव्याचे खांबच. ऐकणाऱ्याचं भलं व्हावं म्हणून रोवलेले. हट्टी निवेदक परवडला, तो निदान तोंडावर भांडतो. गोड निवेदकानं कुठे काय रोवलंय हे कळायला नाथच लागतात.

आता आपल्या मुलुखाचं थोडं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनं २०२०ला ‘राजी’ हा गेम काढला. राजी ही कसरती करणारी मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते. तिची गोष्ट कोण सांगतं? विष्णू आणि दुर्गा. दोघं वरून बघत असतात आणि आपसांत बोलतात, ही पोरगी टिकेल का, दुर्गेनं तिच्यावर विश्वास का टाकला. सूत्रधार आणि नटीची जोडी देवलोकात नेऊन बसवली आहे. मधल्या कथाभागात छायाबाहुल्या येतात; पिंगुळीच्या ठाकर मंडळींचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिलाय त्यांना ते ओळखीचं वाटेल. सुंदर दिसतो गेम. पण देव फार चांगले वागतात. राजीनं भलतीकडे उडी मारली तर दुर्गा तिला मालवणीत झापत नाही.

आणि माझी मागणी तीच आहे. मागच्या रांगांतल्या काही जणांना संगणकावर गेम करता येतात, मला माहीत आहे. त्यांना सांगतो, संकासुराला घ्या. निवेदक शुद्ध बोलणारा सूत्रधार असू द्या, आणि खेळणाऱ्याला काळा बुरखा घाला. अडचण कुठे येईल तेही सांगतो. संकासुराची गंमत जिभेत आहे आणि तुमच्या हातात फक्त त्याचे पाय असणार. शंभर तऱ्हेच्या उत्तरांचं ध्वनिमुद्रण करून ठेवलंत तरी ती शंभरच. आता संगणक तिथल्या तिथे वाक्यं रचायला लागलेत, त्यातून काही जमतं का बघा. मला शंका आहे. वाक्य रचता येईल, पण समोरचा पाटील उठून जाईल ही भीती त्या यंत्राला कुठून आणणार? आणि मालवणीच का? इथे सामवेदी बोली आहे, वाडवळी आहे, आगरी आहे. वसईत सूत्रधाराला उलट उत्तर द्यायला भाषांचा तुटवडा नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. गेममध्ये अमुक एक करून दाखवलं की बक्षीस मिळतं, नुसतं नावापुरतं, यादीत खूण होते. २०१३च्या स्टॅन्लीत एक बक्षीस असं आहे, की हा गेम सलग पाच वर्षं खेळू नका. २०२२ला वाढीव आवृत्ती आली, तिच्यात दहा वर्षं केली. निवेदकाचं हे शेवटचं अस्त्र समजा: ऐकायचंच नसेल तर निघा, आणि पाच वर्षं तोंड दाखवू नका. यावर जगभरच्या खेळणाऱ्यांनी काय करावं? त्यांनी संगणकाचं घड्याळ पाच वर्षं पुढे केलं. खिडकीबाहेरचं बोलणं तयार होतं, फसवणुकीच्या आज्ञेसाठी खोली बांधून ठेवली होती. पण घड्याळाचे काटे गेमच्या बाहेर, पोरांच्या हातात होते. गेमनं निमूटपणे बक्षीस देऊन टाकलं.

मागच्या रांगेत असं कोणी केलेलं असेल तर त्यानं प्रश्नोत्तरांत पहिला हात वर करावा. अध्यक्षांची परवानगी मी आधीच काढून ठेवली आहे.